तिसऱ्या नंबरचं नाव

पक्षाने ह्या वेळी ठरवलं,
वॉर्डाचं तिकीट वरून यायचं नाही,
सभासदांनी चिठ्ठ्या टाकून उमेदवार निवडायचा.
हे ऐकून दांडिया बाजारात
पानवाल्यानंही चुना जरा जास्त लावला.

माझं झेरॉक्सचं दुकान.
लोक जन्माचा दाखला घेऊन येतात, मृत्यूचा घेऊन येतात,
मधल्या काळात निवडणुका.
हंबीरराव पालांडे यांचे रंगीत पाचशे,
नरेशभाऊ खानविलकरांचे रंगीत सातशे,
मग पुन्हा पालांडे यांचे हजार.
उधारी दोघांची सारखीच.

ती आली दुपारी, शटर अर्धं असताना.
सभासदांची यादी, एकोणीस पानं,
काळी-पांढरी, एकच प्रत.
अडतीस रुपये. सुटे मोजून दिले.
"उमेदवार कोण?" मी विचारलं.
"मीच," म्हणाली. "कुमुद धायबर."
मी मान हलवली. नाव काही आठवेना.
चेहरा मात्र रोजचा:
सव्वीस वर्षं पतपेढीची पिग्मी गोळा करणारी,
रोज दहा रुपये, वीस रुपये,
खाकी पिशवी, कार्बनची पावती.
जिने तिला पाठ होते.
तिला सगळे पिग्मीवाली म्हणत,
आणि पिग्मीवालीच्या नावाची चिठ्ठी नव्हती.

म्हणून ती दारोदार एवढंच सांगत फिरली:
तिसऱ्या नंबरचं नाव आहे ना, ती मी.

चार दिवसांनी परत आली. पानं मऊ पडलेली.
सहाशे बारातले एक्केचाळीस वारले होते,
काही वाघोडियाकडे राहायला गेलेले,
एक बाई कॅनडात, नातवंडांपाशी.
"तुमचं आडनाव चुकलंय," ती म्हणाली,
"दिघेचं दिवे झालंय. मी अर्ज दिलाय."
अकरा वर्षं मी दिवे होतो.
एकालाही माझा उजेड पडला नव्हता.

मतदान ठेवलं नेमकं वासी उत्तरायणला.
कुणी ठेवलं, ते विचारू नका.
रावपुऱ्यापासून सूरसागरापर्यंत
माणसं सगळी गच्चीवर,
उंधियुची पातेली, स्पीकर, "काप्यो छे!"
पालांडे खालून फोन लावतायत,
अरे, खाली उतरा, चार वाजता पेटी बंद.
वरून उत्तर: येतो, हा एवढा एक पेच!

गच्ची ज्यांना झेपत नाही, ते आले.
गुडघ्याला पट्टा, हातात काठी,
मोतीबिंदूचा हिरवा चष्मा.
जिना उतरायला वीस मिनिटं,
पण त्यांचा जिना खाली उतरणारा होता.
ती कोपऱ्यावर उभी, रिक्षाचं भाडं ठरवत.
तारांवर लोंबणारा मांजा
एका आजोबांच्या टोपीत अडकला,
तो तिनं दातानं तोडला.

पेटी म्हणजे चिक्कीचा पत्र्याचा डबा.
मोजायला मी होतो, अक्षर बरं म्हणून.
खानविलकर चौसष्ट. पालांडे बासष्ट.
धायबर एकाहत्तर.
पुन्हा मोजा, म्हणाले. पुन्हा मोजलं.
एकाहत्तर.

लोक म्हणाले, दोन मोठ्यांचा पेच लागला,
तिसरीचा पतंग आपोआप वर गेला.
म्हणू देत. पतंगच डोक्यात होते त्यांच्या.
मी तिच्या चपला पाहिल्या होत्या,
टाचेकडून चंद्रकोरीसारख्या झिजलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी
पालांडे यांचा माणूस दुकानात,
दहा मिनिटांनी खानविलकरांचा.
दोघांनी एकच विचारलं, हळू आवाजात:
ती यादी आहे का तुमच्याकडे?

यादी नाही, म्हणालो.
खरं तर एक पान आहे. सतरावं.
काचेवर विसरली होती ती.
नावापुढे पेन्सिलीच्या खुणा:
बरोबर, बरोबर, फुली, बरोबर, वारले.
तीनशे अठ्ठ्याऐंशी, दिघे (दिवे खोडून),
पुढे प्रश्नचिन्ह.

मी चिठ्ठी कुणाला टाकली
ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.
ते प्रश्नचिन्ह मात्र
रबराने पुसायला घेतलं,
आणि राहू दिलं.